सहाव्या मजल्यावरील वाकनिसांस

पनवेल, जिल्हा रायगड

प्रति,
माध्यम सल्लागार,
मुख्यमंत्री कार्यालय, मंत्रालय, मुंबई



हे पत्र आपल्या नावे नसून आपल्या आसनाच्या नावे आहे. कारण त्या आसनावरील मनुष्य सरकारागणिक बदलतो, क्वचित एकाच सरकारच्या अमदानीत दोनदाही बदलतो, आणि ज्या गोष्टीविषयी मला लिहावयाचे आहे ती मात्र मनुष्य बदलल्याने बदलत नाही. माझी उभी हयात महसूल खात्यात, तीही बहुतांशी येथील मामलेदार कचेरीत, बारनिशी, पंचनामे आणि नुकसानीचे तक्ते यांच्या सान्निध्यात गेली असल्यामुळे वृत्तपत्रांशी माझा संबंध दोन्ही टोकांनी आला: सकाळी वाचक म्हणून, आणि दुपारी, ज्या आकड्यांची दुसऱ्या दिवशी बातमी व्हावयाची ते आकडे वर धाडणारा कारकून म्हणून. या दोन टोकांच्या मधोमध जो गृहस्थ बसलेला असतो, ज्याच्या हातून खालचा आकडा वर जाऊन शब्द होतो आणि वरचा शब्द खाली येऊन बातमी होते, तो मला कधी दिसला नाही, परंतु त्याच्या हाताचा स्पर्श झालेला मजकूर मी पुष्कळ वाचला. तेवढ्या अधिकारावर हे लिहीत आहे.

आपल्या पदाची वंशावळ बरीच जुनी आहे. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत मंत्री अथवा वाकनीस असे एक पद होते, आणि १६७४ च्या राज्याभिषेकसमयी ते दत्ताजी त्रिंबक यांजकडे होते. राजाची दिनचर्या, दरबारातील घडामोडी, आमंत्रणे आणि भेटीगाठी यांची रोजची नोंद ठेवणे हा त्यांचा अधिकार. परंतु ती नोंद दफ्तरासाठी, म्हणजे राज्याच्या स्वतःच्या स्मरणासाठी होती, रयतेने ती वाचावी हा तिचा हेतूच नव्हता. पुढे इंग्रजी अमलात मुंबई सरकारने ओरिएंटल ट्रान्स्लेटरची कचेरी चालविली, आणि देशी वृत्तपत्रे काय लिहितात याचे गोषवारे तेथून आठवड्याच्या आठवड्याला साहेबाच्या मेजावर जात. तेही कागद वरच जाणारे. स्वराज्यात मात्र प्रवाह उलटा वाहू लागला: माहिती व जनसंपर्क महासंचालनालय, जिल्ह्याजिल्ह्यांतील माहिती कार्यालये, ‘लोकराज्य’ मासिक, आणि या सर्वांच्या माथ्यावर मुख्यमंत्र्यांच्या निकट बसणारे आपण, हा सगळा पसारा सरकारचे म्हणणे लोकांना कळावे म्हणून उभा राहिला, आणि लोकशाहीत ते उचितच झाले. माझी तक्रार इतकीच, की खाली सांगण्याची यंत्रणा जसजशी विस्तारत गेली, तसतशी वर सांगण्याची जुनी चाल विस्मृतीत गेली, आणि आज जो उत्तम रीतीने खाली सांगतो त्यालाच आपण निष्णात समजतो. माझ्या मते माध्यम सल्लागाराची योग्यता पत्रकारांच्या कक्षात ठरत नाही. ती ठरते धन्याच्या दालनात, दार लागल्यानंतर.

या मतास आधार म्हणून प्रथम ज्या पुरुषाचे नाव घ्यावेसे वाटते, त्याला सचिव म्हणणेही कमीपणाचे होईल. महादेवभाई देसाई १९१७ साली गांधीजींकडे आले आणि १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्यात आगाखान पॅलेसच्या बंदिवासात, अटकेनंतर आठवडाही पुरता लोटला नसता, गेले. मधली पंचवीस वर्षे त्यांनी गांधीजींची पत्रे, भाषणे, मुलाखती आणि रोजनिशी सांभाळली, ‘नवजीवन’, ‘यंग इंडिया’ आणि ‘हरिजन’ यांच्यासाठी लेखणी झिजविली, आणि जगाने गांधी पाहिला तो पुष्कळ अंशी त्यांच्या टिपणांतून पाहिला. परंतु मला स्मरतो तो १९३८ सालचा प्रसंग. ओरिसातील डेलांगच्या मुक्कामी असताना कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या पत्नी दुर्गाबेन, अस्पृश्यांना मज्जाव असलेल्या पुरीच्या जगन्नाथमंदिरात दर्शनास जाऊन आल्या. गांधीजी अतिशय व्यथित झाले आणि त्यांनी त्याचा दोष महादेवभाईंकडेही लावला. महादेवभाईंनी आपणास मुक्त करावे असे लिहून दिले, गांधीजींनी त्यांना सोडले नाही. पण विशेष हे, की घरातला हा सारा कलह महादेवभाईंनी स्वतःच ‘हरिजन’मध्ये छापून टाकला. आजचा कोणता सल्लागार आपल्या नेत्याशी झालेला खटका नेत्याच्याच मुखपत्रात प्रसिद्ध करील, आणि कोणता नेता तो करू देईल? तसे झाले तर विरोधी पक्षाची पत्रकार परिषद तासाभरात भरेल हे मी जाणतो. तरीही त्या काळी त्या प्रसिद्धीने गांधीजींचे काही उणे झाले नाही, उलट त्यांच्या गोटातून येणाऱ्या प्रत्येक शब्दावरचा विश्वास वाढला, ही गोष्ट आपल्या व्यवसायातील जाणत्यांनी विचारात घेण्याजोगी आहे.

दिल्लीच्या सत्तास्थानी हे काम करणाऱ्यांत बी. जी. वर्गीज आणि एच. वाय. शारदा प्रसाद ही दोन नावे एका काळात येतात, आणि दोघांचे मार्ग पुढे फार निराळे झाले. वर्गीज १९६६ ते १९६९ इंदिरा गांधींचे माहिती सल्लागार होते; नंतर संपादकाच्या खुर्चीवर बसल्यावर त्यांनी त्याच पंतप्रधानांवर टीका करण्यास मागेपुढे पाहिले नाही आणि १९७५ साली ती खुर्ची गमावली. शारदा प्रसाद हे मात्र थोडा खंड वगळता इंदिराजींपाशी अखेरपर्यंत राहिले आणि पुढे राजीव गांधींकडेही होते. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंग भोगलेला, ‘योजना’ नियतकालिकाचा संपादक राहिलेला हा विद्वान, मितभाषी मनुष्य आणीबाणीच्या एकवीस महिन्यांतही त्या दालनात होता, ज्या महिन्यांत इकडे मुंबईस मजकूर छापण्यापूर्वी तपासनिसाच्या मेजावर ठेवावा लागे. त्यांनी आत काय सांगितले, काय सांगितले नाही, हे त्यांच्याबरोबरच गेले. कारण त्यांनी आठवणींचे पुस्तक लिहिलेच नाही, आणि २००३ मध्ये जो निबंधसंग्रह काढला त्याचे नावच ‘द बुक आय वोन्ट बी रायटिंग’ असे ठेवले. याच्या दुसऱ्या टोकास संजय बारू: २००४ ते २००८ मनमोहन सिंगांचे माध्यम सल्लागार, आणि २०१४ साली, ऐन निवडणुकीच्या धामधुमीत, आपल्या जुन्या धन्यावरील पुस्तकाचे कर्ते. बारूंचे पुस्तक चवीने वाचले जाते हे खरे, आणि मीही वाचले; परंतु दालनातील संभाषण उद्या बाजारात येईल अशी धास्ती बसली की दालनात कोणी मोकळे बोलत नाही, आणि जेथे मोकळे बोलणे नाही तेथे सल्ला कसला? शारदा प्रसादांचे मौन मला अधिक भारदस्त वाटते. मात्र ते मौन आणीबाणीवरही पांघरले गेले, ही रुखरुखही जात नाही. या दोहोंतून मार्ग काढणे मला साधलेले नाही, म्हणून तो प्रश्न आपणावरच सोपवितो.

एक मार्ग अमेरिकेत एकाने काढून दाखविला होता. जेराल्ड टरहॉर्स्ट हा वार्ताहर ९ ऑगस्ट १९७४ रोजी, निक्सन पायउतार झाले त्याच दिवशी, नव्या राष्ट्राध्यक्षांचा म्हणजे जेराल्ड फोर्ड यांचा वृत्तसचिव झाला. महिना पुरा होतो न होतो तोच, ८ सप्टेंबरला, फोर्ड यांनी निक्सन यांना संपूर्ण माफी दिली, आणि ज्या निर्णयाचे समर्थन सद्सद्विवेकाने करता येत नाही त्याचे समर्थन मी करणार नाही अशा आशयाचे पत्र देऊन टरहॉर्स्ट बाहेर पडला. महिनाभराची कारकीर्द! आणि तरी त्या पदाचा इतिहास लिहिताना तीस दिवसांच्या या माणसाला वगळता येत नाही. उलट उदाहरण ब्रिटनमधील अ‍ॅलिस्टर कॅम्बेल यांचे: टोनी ब्लेअर यांच्या प्रसिद्धीचा हा सूत्रधार इतका समर्थ, की इराकवरील युद्धापूर्वीच्या सरकारी टिपणावरून वादळ उठले तेव्हा तो स्वतःच बातमीचा विषय होऊन बसला आणि २००३ च्या ऑगस्टात त्याला पद सोडावे लागले.

आपल्या लोकांत असा स्वतःच बातमी होण्याचा अनुभव सुधींद्र कुलकर्णी यांच्याइतका क्वचित कोणी घेतला असेल. सीमाभागातील अथणीचा हा मनुष्य, पवईच्या आय. आय. टी.तून स्थापत्य अभियांत्रिकी शिकून वृत्तपत्रसृष्टीत आला, ‘ब्लिट्झ’मध्ये कार्यकारी संपादक झाला, आणि वाजपेयींच्या पंतप्रधान कार्यालयात त्यांची भाषणे सिद्ध करण्यापर्यंत पोचला. पुढे २००५ च्या जूनमध्ये अडवाणींनी कराचीस जिनांच्या समाधीपाशी जे लिहिले आणि बोलले त्यावरून पक्षात आग लागली, तेव्हा अडवाणींचे अध्यक्षपद त्या वर्षअखेर गेले आणि कुलकर्णींचे सचिवपदही गेले. २००८ साली लोकसभेत नोटांची पुडकी दाखविली गेली, त्या प्रकरणी २०११ मध्ये ते तुरुंगात गेले, आणि २०१३ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. ऑक्टोबर २०१५ मध्ये एका पाकिस्तानी मुत्सद्द्याच्या पुस्तकाच्या प्रकाशनावरून मुंबईत त्यांच्या तोंडाला काळे फासण्यात आले, आणि ते त्याच तोंडाने पत्रकारांसमोर बसले. त्यांच्या राजकारणाशी माझे जमत नाही. परंतु ज्या व्यवसायात दुसऱ्याच्या मुखातून बोलायचे आणि त्या बोलण्याचे फळ स्वतःच्या मुखावर घ्यायचे, त्याचा हा हिशेब, आपल्या कार्यालयात भरती होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक तरुणाने एकदा मांडून पाहावा.

आता आमच्या गावाकडे येतो, कारण आपल्या कामाचा खरा कस ज्या दिवशी लागला तो दिवस आमच्याच तालुक्यात उगवला होता. १६ एप्रिल २०२३, रविवार. खारघरच्या मैदानात आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्याचा सरकारी सोहळा, केंद्रीय गृहमंत्री उपस्थित, आणि लाखोंच्या संख्येने आलेले त्यांचे अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, ज्यांतले पुष्कळ आदल्या रात्रीपासूनच येऊन बसलेले. कोकणातला एप्रिल, अंगाला चिकटणारी दमट हवा, माथ्यावर आडोसा नाही आणि सोहळा दुपारपर्यंत लांबलेला. माणसे कोसळू लागली. त्या रात्री मृतांचा आकडा ११ म्हणून बाहेर आला, आणि पुढल्या काही दिवसांत तो १४ वर गेला.

आकडा वाढला यात लपवाछपवीच असते असे मी म्हणणार नाही. तो कसा तयार होतो हे मला ठाऊक आहे. खारघर हे तालुक्याने पनवेलचे, त्याचे जिल्ह्याचे ठाणे अलिबागेस. पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचे. वसाहत वसविली सिडकोने, नागरी कारभार पनवेल महानगरपालिकेकडे. आणि त्या दिवशीचे रुग्ण कामोठ्यापासून निरनिराळ्या रुग्णालयांत विखुरलेले. रुग्णालयाने पोलिसांना कळवायचे, पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद करायची, शवविच्छेदन व्हायचे, मामलेदाराने जिल्हाधिकाऱ्यांस अहवाल द्यायचा, आणि तो मुंबईस पोचेतो दोन माणसे उपचार चालू असताना आणखी गेलेली असायची. इतक्या दारांतून आलेला आकडा पहिल्या रात्री अपुरा असणे स्वाभाविक आहे. अस्वाभाविक हे, की तो अपुरा आहे, अमुक इतके अत्यवस्थ आहेत, उद्या सकाळी अमुक वाजता पुन्हा सांगू, एवढे साधे वाक्य त्या रात्री आमच्या गल्लीपर्यंत पोचले नाही. त्याच्या जागी चित्रफिती पोचल्या, कोणी म्हणे पन्नास, कोणी म्हणे शंभर, आणि सरकारचा आकडा दरदिवशी एक-दोनाने सरकत असलेला पाहून ज्यांना सरकारविषयी काडीचा द्वेष नव्हता तेही साशंक झाले. पुढे मदत जाहीर झाली, चौकशीसाठी वरिष्ठ अधिकाऱ्याची एकसदस्य समिती नेमली गेली, आणि उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच उघड्यावर सरकारी कार्यक्रम होणार नाहीत असेही घोषित झाले.

आता या शेवटच्या घोषणेकडे आपले विशेष लक्ष वेधतो. बारा ते पाच हा विचार एप्रिलच्या सतरा तारखेस सुचण्यासारखा होता, तसाच तो मार्चमध्येही सुचण्यासारखा होता. कार्यक्रमाची वेळ नेमकी कोणी ठरविली हे विचारण्याचा हा प्रसंग नाही. परंतु असे सोहळे जेव्हा आखले जातात तेव्हा मंचाची उंची, कॅमेऱ्याचा कोन, गर्दीचे विहंगम चित्र आणि प्रक्षेपणाची वेळ यांचा विचार करणारी माणसे त्या बैठकीत हटकून असतात, आणि ती आपल्या बिरादरीची असतात. ज्याला गर्दीचे चित्र कसे दिसेल हे आधी दिसते, त्याला त्या गर्दीच्या डोक्यावरचे ऊनही आधी दिसले पाहिजे, आणि दिसल्यावर ते त्याने सांगितले पाहिजे, मग समोर कोणीही असो. आत सांगणे मी म्हणतो ते हे.

त्याच वर्षी, अवघ्या तीन महिन्यांनी, शेजारच्या खालापूर तालुक्यात १९ जुलैच्या रात्री इरशाळवाडीवर दरड कोसळली. डोंगरावर वाहन जात नाही, पाऊस खळत नाही, ढिगारा हातांनी उपसायचा, अशा स्थितीत २३ तारखेस शोधकार्य थांबविले गेले तेव्हा सरकारने दोन आकडे वेगवेगळे सांगितले: २७ मृत, ५७ बेपत्ता. सांगण्यास याहून कठीण असे काय असेल? ५७ माणसे आम्ही काढू शकलो नाही, हे त्या दुसऱ्या आकड्याचे सरळ भाषांतर. तरीही त्या आकड्यांवरून आमच्याकडे कोणी अफवा उठविल्याचे मला आठवत नाही, कारण जे ज्ञात होते ते ज्ञाताच्या रकान्यात आणि जे अज्ञात होते ते अज्ञाताच्या रकान्यात स्वच्छ मांडले गेले. तेव्हा आपल्या यंत्रणेस हे येत नाही असे नाही. येते, परंतु जेथे दोष निसर्गाचा तेथे येते, आणि जेथे दोष मंचाच्या जवळपास असण्याचा संभव तेथे जीभ जड होते.

एरवीच्या, निर्जीव भासणाऱ्या कारभारातही हेच. आमची नगरपालिका १८५२ ची. तिची महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली, आणि काही वर्षांनी खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल येथील रहिवाशांच्या हाती त्या तारखेपासूनच्या मालमत्ताकराची देयके एकदम पडली, जेव्हा तेच लोक मधल्या काळात सिडकोचे सेवाशुल्क भरीत आले होते. कराच्या बाजूने कायदा असेलही. पण देयक हीच ज्या बातमीची पहिली वाच्यता, ती बातमी भांडण होऊनच जन्मास येते. नवी मुंबई विमानतळाच्या नावाचेही तसेच. दि. बा. पाटील हे आमच्यासाठी पाटीवरचे नाव नाही. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी पाच शेतकरी गोळीबारात पडले त्या लढ्याचे ते पुढारी. विधिमंडळाने २०२२ मध्ये त्यांच्या नावाचा ठराव केला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले तेव्हाही नामकरणाचा अंतिम निर्णय व्हावयाचाच होता. लोकांना मधल्या काळात आश्वासने पुष्कळ ऐकू आली. कागद नेमका कोणत्या मेजावर आहे, कोणत्या खात्याच्या कोणत्या शेऱ्यासाठी थांबला आहे, एवढेच कोणी सांगितले नाही. कचेरीत जन्म घालविलेल्या माणसाला ठाऊक असते की हेलपाटे घालणारा पक्षकार नकाराने जेवढा चिडत नाही तेवढा ‘साहेबांच्या टेबलावर आहे’ या उत्तराने चिडतो.

वृत्तपत्रांविषयी थोडे लिहिणे प्राप्त आहे, कारण दोष एका बाजूचा नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील पत्रांनी पैसे घेऊन बातमीच्या वेषात जाहिराती छापल्याचा गवगवा झाला, आणि प्रेस कौन्सिलच्या उपसमितीला त्या रोगाची चौकशी करावी लागली. आमच्या जिल्ह्यात तर पुढाऱ्याने स्वतःचे पत्र काढण्याची परंपरा आहे. तिचे मूळ मात्र उज्ज्वल: चरीच्या शेतकऱ्यांच्या दीर्घ संपाच्या काळात नारायण नागू पाटलांनी ‘कृषीवल’ काढला तो खोतांविरुद्ध कुळांना वाणी मिळावी म्हणून. आज तालुक्याचा वार्ताहर तुटपुंज्या मानधनावर आणि जाहिरातीच्या दलालीवर जगतो, आणि आपल्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रेसनोट, काना-मात्रा न बदलता, पाच पत्रांत पाच नावांनी छापून येते. आपल्या लेखी हे यश असेल. माझ्या लेखी ती धोक्याची सूचना आहे. कारण जो वार्ताहर आपणास प्रश्न विचारीत नाही तो आपणास खालची हकीकतही कळवीत नाही, आणि मग आपल्या धन्याला रस्त्यावर काय चालले आहे ते सांगण्यास आपल्यापाशी आपल्याच प्रेसनोटांच्या कात्रणांखेरीज काही उरत नाही.

दिल्लीत २०१४ नंतर जुन्या पद्धतीचा माध्यम सल्लागार नेमण्याची प्रथाच मोडली, आणि सत्ताधीश थेट जनतेशी बोलतो, मध्यस्थाची गरज काय, असे मत रूढ झाले. मुंबईतही ते आज ना उद्या रुजेल. ध्वनिफितीने खाली बोलणे साधेल याबद्दल मला संशय नाही; वर बोलणारा मात्र त्या दिवशी उरणार नाही, म्हणून पद राहावे असे मला वाटते, आणि राहायचे तर त्यास बैठकीत बसण्याचा, फाइल पाहण्याचा आणि ‘हे मी सांगणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार नेमणुकीच्या आदेशातच लिहिलेला असावा असे वाटते.

तोपर्यंत एक लहानसे काम आपल्या एका सहीने होण्याजोगे आहे. सरकारी पत्रकात जो जो आकडा जाईल, मृतांचा, जखमींचा, नुकसानीचा, त्याच्याखाली तो किती वाजेपर्यंतचा आहे, कोणत्या अधिकाऱ्याच्या अहवालावरून घेतला आहे आणि पुढचा केव्हा दिला जाईल, या तीन गोष्टी छापण्याचा दंडक घालावा. आमच्या कचेरीत पावसाच्या मोजणीचा तक्तासुद्धा वेळ आणि सही यांवाचून अलिबागेस स्वीकारला जात नसे, आणि एकदोनदा तो केवळ त्यासाठी परत आलेला मी पाहिला आहे. पावसाळा जवळ आला आहे, विमानतळाभोवतालच्या गावांत पाणी कोठे भरेल याची चर्चा आतापासूनच सुरू आहे. पहिला तक्ता त्या निमित्तानेच नव्या नमुन्यात निघाला तर येथील मंडळी तो अवश्य वाचतील.



आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, पनवेल